आयपी कॅमेऱ्यांचे बिघाड मुद्दाम कसे घडवायचे? (व्हिडिओ सॉफ्टवेअर तपासणारे, इकडे या)

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न कामाचा आहे. अंधेरीत आमची छोटी कंपनी आहे. आयपी, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या, कॅमेऱ्यांचं चित्र घ्यायचं, साठवायचं, पडद्यावर दाखवायचं आणि काही बिनसलं तर बोंब मारायची, असं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे सोसायट्या, भिवंडीकडची गोदामं, एखाददुसरी शाळा. ऑफिसात टेबलावर मोजके कॅमेरे आहेत, त्यांच्यावर सगळं मख्खन चालतं. साइटवर गेलं की रोज नवी रड.

साहेबांचं मत : "केबल उपट, परत लाव. चित्र आलं ना? झालं टेस्टिंग." माझं मत : उपटलेली केबल हा सगळ्यात सभ्य बिघाड. बाकीचे अर्धवट होतात, न सांगता होतात, आणि ते मला हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा घडवता आले पाहिजेत. तेही शंभर कॅमेऱ्यांवर, जे माझ्याकडे नाहीत आणि साहेब घेऊनही देणार नाहीत.

कुणी असं काही उभं केलंय का? खरे कॅमेरे लागतातच, की खोट्यांवर भागतं?

चौथी_सीट

केबल उपटायला इंजिनियर कशाला ठेवलाय? आमच्याकडे ते काम उंदीर करतो. बिनपगारी, फक्त रात्रपाळी.

(जागा पकडून ठेवतोय. धागा रंगणार.)

बिनतारी

खोट्यांवर बरंच भागतं.

खऱ्या साइटचं तासाभराचं फूटेज घ्या. रंगीत पट्ट्यांचं टेस्ट पॅटर्न नको, ते इतकं सहज दाबलं जातं की बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) नावालाच उरतो आणि सगळं पास होतं. एफएफएमपेगने (व्हिडिओ हाताळणारं सॉफ्टवेअर) ते फूटेज पुन्हा पुन्हा फिरवत ठेवा, मीडियाएमटीएक्स या स्ट्रीम सर्व्हरमध्ये ढकला (पूर्वीचं आरटीएसपी-सिंपल-सर्व्हर), आणि त्यातून हवे तेवढे आरटीएसपी पत्ते (ज्यावर कॅमेऱ्याकडे चित्र मागतात ते) काढा. पुन्हा एन्कोड न करता नुसतं कॉपी केलंत तर साध्या डेस्कटॉपवरही शंभर स्ट्रीम निघतात.

बिघाडासाठी लिनक्सचं टीसी (नेटवर्कची वाहतूक आवरणारं साधन) आणि त्यातलं नेटएम (खराब नेटवर्कची नक्कल). उशीर, गळती, पॅकेटांचा उलटसुलट क्रम, सगळं मिळतं. पण नेटएम बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर लागतं, आत येणाऱ्यावर नाही, म्हणून ते खोट्या कॅमेऱ्याच्या बाजूला लावायचं. सगळं एकाच मशीनवर लूपबॅकवर (मशीनने स्वतःशीच बोलायचं नेटवर्क) चालवलंत तर उशीर जाताना आणि येताना दोनदा बसतो. १०० मिलिसेकंद सांगितले की २०० मिळतात. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कर्नल टीसीपीची बरीच पॅकेटं एकत्र बांधून एकच मोठं गाठोडं नेटएमपुढे ठेवतो. तुम्ही एक टक्का गळती मागता, आणि एक पॅकेट जायच्या ऐवजी अख्खं गाठोडं जातं. ईथटूलने (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बदलणारी कमांड) हे गाठोडं बांधणं, म्हणजे ऑफलोड, बंद करा, मग आकड्यांना अर्थ.

प्रत्येक खोट्या कॅमेऱ्याला वेगळी नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधला नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) आणि स्वतःचा आयपी द्या. मग सतरावा कॅमेरा एकटाच आजारी पाडता येतो.

ताम्हण

बाकी सगळ्याला +१, पण टक्केवारीतली गळती मला पटत नाही. रात्रीच्या बिल्डमध्ये टेस्ट फेल, सकाळी पास. डेव्हलपर म्हणतो "फ्लेकी आहे" आणि विषय मिटतो.

किती पॅकेटं गेली यापेक्षा कुठलं गेलं हे महत्त्वाचं. पी-फ्रेमचा (मागच्या फ्रेमपासूनचा फक्त बदल) तुकडा गेला तर डाग पडतो आणि पुढच्या आयडीआरपर्यंत (स्वतःपुरती पूर्ण असलेली फ्रेम) पसरत जातो. आयडीआरचाच गेला तर अख्ख्या गटाचा पाया गेला. सेकंदाला २५ फ्रेम आणि ५० चा जीओपी (दोन आयडीआरमधलं अंतर, फ्रेममध्ये) असेल तर दोन सेकंदांत निस्तरतं, पण हल्लीचे 'स्मार्ट' कोडेक चित्र स्थिर दिसलं की जीओपी ताणत नेतात. तिथे तोच एक तुकडा कितीतरी वेळ घाण करून ठेवतो.

म्हणून मी मध्ये एक छोटा प्रॉक्सी (मधला दलाल प्रोग्रॅम) बसवते. तो आरटीपी (चित्र वाहून नेणारं) पॅकेट उघडतो, आतलं काय आहे ते बघतो आणि नियमाने गाळतो. "दर दहाव्या आयडीआरचा मधला तुकडा गाळ." "मार्कर बिट (फ्रेम संपल्याची खूण) असलेलं पॅकेट गाळ." "प्रकार ७ आणि ८, म्हणजे एसपीएस-पीपीएस (चित्र उलगडायला लागणारी माहिती), एकदाही जाऊ देऊ नको." तोच बिघाड, त्याच जागी, दर वेळी. आता डेव्हलपरला पळायला वाट नाही :)

प्रॉक्सीत आकडेही बदलता येतात. आरटीपीचा अनुक्रमांक १६ बिटांचा, ६५,५३५ नंतर शून्य. ४ एमबीपीएसच्या स्ट्रीमला हे दर तीनेक मिनिटांनी होतं, त्यामुळे तिथला बग लवकर सापडतो. टाइमस्टॅम्प मात्र ३२ बिटांचा आणि व्हिडिओचं घड्याळ ९० किलोहर्ट्झचं. पूर्ण फेरी व्हायला १३ तास १५ मिनिटं लागतात. एवढा वेळ ऑफिसात टेस्ट कोण चालवतं? प्रॉक्सीत सुरुवातच टोकाजवळून करायची, पाच सेकंदांत शून्य ओलांडून होतं.

शेवटची_लोकल

आम्ही सगळं टीसीपीवरूनच घेतो. पॅकेट गळायचा विषयच नाही. उगाच डोक्याला ताप.

बिनतारी

@शेवटची_लोकल, गळती जात नाही, वेश बदलते. टीसीपी हरवलेलं परत मागवतो, तोवर मागचं सगळं रांगेत उभं. कॅमेऱ्याचं बफर भरलं की काही कॅमेरे फ्रेम टाकून देतात, काही कनेक्शनच तोडतात, आणि काही 'लाइव्ह'च्या नावाखाली शिळं चित्र दाखवत राहतात. वॉचमनला गेटवर रिक्षा दिसते तेव्हा ती सिग्नल ओलांडून गेलेली असते.

शिवाय टीसीपीचा खास आजार आहेच. कॅमेऱ्याची वीज गेली, तर तो निरोप घेत नाही. फिन नाही, रीसेट नाही (कनेक्शन संपवायचे संदेश). तुमच्या बाजूला सॉकेट उघडा आणि वाचणारा थ्रेड वाट बघत बसलेला. कीपअलाइव्हवर (समोरचा जिवंत आहे का, ही अधूनमधूनची विचारपूस) विसंबलात, तर लिनक्समध्ये तो सॉकेटवर मुद्दाम चालू करावा लागतो, आणि केला तरी पहिली विचारपूस ७,२०० सेकंदांनी. दोन तास! हे घडवायला आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) ड्रॉप लावा, म्हणजे पॅकेट गुपचूप गिळलं जातं. रिजेक्ट लावलंत तर लगेच नकार येतो आणि टेस्ट फुकटची पास होते. तुमच्या साहेबांना केबल उपटायचीच असेल तर सर्व्हरची नको, स्विचपलीकडची कॅमेऱ्याची उपटू दे. सर्व्हरची उपटली की ऑपरेटिंग सिस्टिमला आपली लिंक पडल्याचं लगेच कळतं. साइटवर तसं होत नाही.

पाणबुडी

एफएफएमपेगवाल्यांसाठी : आरटीएसपीचा जुना 'एसटाइमआउट' (किती वेळ वाट बघायची तो पर्याय) ५.० पासून गेला, आता नुसता 'टाइमआउट'. एकक मायक्रोसेकंद. पाच लिहून पाच सेकंद समजणारे महाभाग पाहिलेत, मग "कॅमेरा कनेक्टच होत नाही" म्हणून तिकीट येतं.

सोल्डरगन

मी सॉफ्टवेअरवाला नाही. लॅमिंग्टन रोडवरून माल उचलतो आणि दहिसर ते विरार कॅमेरे लावतो. तुमच्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं, पण बिघाड ओळखीचे वाटले.

पावसाळ्यात पहिली तक्रार ठरलेली. "दिवसभर मस्त चालतो, रात्री जातो-येतो, जातो-येतो." अंधार पडला की आयआर एलईडी (अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे) पेटतात, कॅमेरा जास्त करंट ओढतो. आधीच्या ठेकेदाराने पैसे वाचवायला तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियमची केबल ओढलेली, लांबी शंभर मीटरच्या पुढे, आणि जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरून आरजे-४५ च्या (नेटवर्क केबलच्या टोकाच्या) पिना हिरव्यागार. व्होल्टेज पडतं, कॅमेरा रीस्टार्ट होतो. उठतो, अंधार बघतो, एलईडी पेटवतो, पुन्हा पडतो. पहाटेपर्यंत हाच खेळ. तुमचं सॉफ्टवेअर सेक्रेटरीच्या मोबाइलवर रात्रभर टिंगटिंग करतं : कॅमेरा आला, कॅमेरा गेला. सकाळी तो माणूस नोटिफिकेशनच बंद करून टाकतो. पुढे खरोखर गेला तरी कुणाला पत्ता नाही.

रात्रीचा पाऊस वेगळाच. आयआरच्या उजेडात प्रत्येक थेंब पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. मोशन डिटेक्शन वेडं होतं, डेटा फुगतो, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील म्हणून घेतलेली हार्ड डिस्क आधीच भरते. लेन्सपुढे कोळ्याने जाळं विणलं की तेच, आणि कोळी काही फक्त पावसाळ्यात येत नाही.

अजून एक. कॅमेरा मेला की सोसायटीवाले स्वस्तातला दुसरा आणून त्याच आयपीवर बसवतात. पासवर्ड वेगळा, रिझोल्यूशन वेगळं. सॉफ्टवेअर जुन्या पासवर्डने धडका मारत राहतं आणि कॅमेरा अकाउंट लॉक करतो. मग माणसाने बरोबर पासवर्ड टाकला तरी आत घेत नाही. फोन कुणाला? मला.

खाडीपलीकडचा

@सोल्डरगन दादा, दंडवत. ही माहिती एकाही मॅन्युअलमध्ये नाही.

जाणं-येणं घडवायचा उपाय सुचला : मॅनेज्ड पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा). त्याच्या पोर्टची वीज एसएनएमपीवरून (नेटवर्कवरून यंत्रं हाताळायची पद्धत) बंद-चालू करता येते, त्यासाठी प्रमाणित एमआयबी, म्हणजे सेटिंगची यादी, आहे (आरएफसी ३६२१). स्क्रिप्टने दर मिनिटाला पोर्ट पाडायचं. म्हणजे एक-दोन खरे कॅमेरे लागणारच, कारण उठताना कॅमेरा जे काय करतो ते खोट्याला जमणार नाही. पिंगला उत्तर देतो पण आरटीएसपी अजून जागं नाही, किंवा आरटीएसपी जागं पण पहिली काही सेकंद चित्र काळं, असे टप्पे असतात.

वॉटचा हिशोबही आता कळला. ८०२.३एएफ या पीओई मानकात पोर्टला १५.४ वॉट, पण कॅमेऱ्यापर्यंत धरायचे १२.९५. उरलेले केबल खाते, आणि हा हिशोब चांगल्या तांब्याच्या शंभर मीटरचा.

लसूणचटणी

सेक्रेटरीला रात्रभर जागं ठेवणारं सॉफ्टवेअर कुठे मिळेल? आमच्या सोसायटीला तातडीने हवंय.

चौथी_सीट

@लसूणचटणी हहपुवा. आमच्याकडे बाइकचा आरसा चोरीला गेला. फूटेज मागितलं तर आठवडाभराचं सगळं आहे, फक्त ती रात्र नाही. कमिटीने चोराचं टायमिंग कौतुकास्पद असल्याचं मिनिट्समध्ये लिहायचं बाकी ठेवलंय.

निवांत

@चौथी_सीट, त्या रात्री पडद्यावर कॅमेरा चालू दिसत होता का? माझी पैज, दिसत होता.

या धाग्यात सगळे नेटवर्कच्या मागे लागलेत. माझ्या मते खरा छळ करतो तो जिवंत दिसणारा मेलेला कॅमेरा. सेन्सर अडकतो, एन्कोडर तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत राहतो. पॅकेटं वेळेवर, अनुक्रमांक बरोबर, बिटरेट जरा कमी. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा पळतं, कारण ते चित्रावर नंतर चढवलेलं असतं. नेटएमने हे सात जन्मात घडणार नाही. एक फ्रेम गोठवून, वर चालतं घड्याळ छापून, त्याचा स्ट्रीम सोडायचा. एफएफएमपेगच्या ड्रॉटेक्स्टने होतं. मग बघा तुमचं सॉफ्टवेअर काय म्हणतं.

ओळखायला सोपं आहे : खऱ्या सेन्सरला कायम थोडा नॉइज असतो. सलग फ्रेम हुबेहूब सारख्या निघाल्या की समजा अडकला. घड्याळाचा कोपरा तेवढा झाकायचा.

ताम्हण

इतकं सोपं नाही हो, निवांतकाका. गोदामात रात्री काही हलत नाही तेव्हा एन्कोडर पी-फ्रेममध्ये जवळजवळ सगळे ब्लॉक 'मागचंच घे' म्हणून सोडून देतो. डीकोड केल्यावर सलग फ्रेम हुबेहूब सारख्याच येतात आणि धडधाकट कॅमेऱ्यावर तुम्ही अडकल्याचा शिक्का मारता. तुलना करायची तर एका आयडीआरची पुढच्या आयडीआरशी. तो प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड होतो, तिथे नॉइज लपत नाही.

निवांत

@ताम्हण हे मान्य. आणि काका नका म्हणू, अजून लोकलला धावत पकडतो.

पाणबुडी

घड्याळावरून. कॅमेऱ्यात बरेचदा बॅटरी नसते किंवा संपलेली असते. वीज गेली, आली, एनटीपी सर्व्हर (वेळ सांगणारा) मिळाला नाही, तर तारीख थेट १ जानेवारी १९७०. ऑनव्हिफच्या (कॅमेऱ्यांशी बोलायची सामाईक पद्धत) लॉगिनमध्ये वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही कॅमेरा नाही म्हणतो. गंमत म्हणजे आरटीएसपीच्या लॉगिनमध्ये ती भानगड नाही, म्हणून चित्र येतं पण पीटीझेड (कॅमेरा फिरवणं, झूम करणं) चालत नाही. लोक पासवर्ड बदलत बसतात.

याहून वाईट म्हणजे रेकॉर्डरने कॅमेऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवला असेल तर. आजचं रेकॉर्डिंग १९७० च्या नावाने लिहिलं जातं, आणि डिस्क भरल्यावर "सर्वात जुनं आधी पुसा" हा नियम आजचंच आधी पुसतो. त्यामुळे माझ्या खोट्या कॅमेऱ्यात घड्याळाला वेगळी कळ आहे : १९७०, पाच मिनिटं मागे उडी, आणि भारतीय वेळेऐवजी नुसतं +५. तो उरलेला अर्धा तास भल्याभल्यांना गंडवतो.

चौथी_सीट

सगळे एकदम परत येतात तेव्हाचं काय? १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना, सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. वीज आली तेव्हा आमच्या क्लायंटकडे सर्व्हर आधी उठला आणि सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच ठोक्याला हाका मारायला लागला. कॅमेरे अर्धवट झोपेत. एकालाही जमेना, सगळ्यांचा टाइमआउट एकदम, पुन्हा सगळ्यांना एकदम हाक. ठाण्याला ट्रेन रिकामी होताना दारात जे होतं ते.

बिनतारी

@चौथी_सीट, त्याला उपाय म्हणजे प्रत्येक अपयशानंतर वाट बघायचा वेळ वाढवत न्यायचा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक टाकायचा. तपासायला सोपं : शंभर नेमस्पेस एकाच स्क्रिप्टने पाडा, एकाच वेळी उचला, आणि कनेक्शनचा आलेख काढा. सुळके दिसले की नापास.

शेवटची_लोकल

वाचून छान वाटतं हो. पण वस्तुस्थिती बघा. गिऱ्हाईक चार हजारांची घासाघीस करतं, डेमोला चित्र दिसलं की चेक देतं. १३ तासांनी टाइमस्टॅम्प फिरतो म्हणून कुणी जास्त पैसे देणार आहे का? आठ बिघाड, शंभर खोटे कॅमेरे, प्रॉक्सी... छोट्या कंपनीने धंदा करायचा की प्रयोगशाळा काढायची?

सोल्डरगन

@शेवटची_लोकल, पैसे देत नाही हे खरं. पण चोरी झाल्यावर फूटेज नसलं की पुढचं काम दुसऱ्याला देतो, आणि बाजूच्या तीन सोसायट्यांना सांगतो.

ताम्हण

धागाकर्त्याने विचारलं होतं कुठले बिघाड घडवायचे. शेवटची_लोकल यांचा मुद्दा धरून एकच करायचा असेल तर हा करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे, साधनं शून्य.

पायथनमध्ये एक खोटा आरटीएसपी सर्व्हर लिहा. चित्र मागायच्या आरटीएसपीच्या तीन पायऱ्या : डिस्क्राइबला नीट उत्तर, सेटअपला नीट उत्तर, प्लेला २०० ओके, आणि त्यानंतर एकही पॅकेट पाठवायचं नाही. सॉकेट उघडा ठेवायचा, कीपअलाइव्हची चौकशी आली तर तिलाही ओके म्हणायचं. सगळी लक्षणं चालू कॅमेऱ्याची, माल काहीच नाही. नंतर त्याचीच दुसरी आवृत्ती : दर काही सेकंदांनी एकच बाइट सोडायची. "सॉकेटवर इतका वेळ काहीच आलं नाही" एवढंच बघणारा टाइमआउट तिथे कधीच वाजत नाही. टाइमआउट 'शेवटची पूर्ण फ्रेम कधी मिळाली' यावर हवा.

आणि पास कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवा. चित्र परत आलं हा निकष माझ्या लेखी दुय्यम आहे. पाऊस आहे, वीज आहे, कॅमेरा जाणारच. तो कधीपासून कधीपर्यंत रेकॉर्ड झाला नाही हे सॉफ्टवेअरने खरं सांगितलं की नाही, तेवढं तपासा. चौथी_सीट यांच्या कमिटीला त्या रात्रीच दिसायला हवं होतं की भोक पडलंय.

निवांत

शेवटच्या परिच्छेदाला +१००.

खाडीपलीकडचा

@ताम्हण, लिहून चालवला. आपलं सॉफ्टवेअर प्लेला ओके मिळाला की कॅमेऱ्यापुढे हिरवा टिपका लावतं. जेवून आलो तरी टिपका हिरवाच. टाइमलाइनवर सलग निळी पट्टी, उघडली तर शून्य बाइटची फाइल. साहेबांना बोलावून दाखवलं. बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, "हे आपल्या किती साइटवर असेल?" आता सगळ्या साइटच्या डिस्कवर शून्य बाइटच्या फाइली शोधायची स्क्रिप्ट लिहितोय.

पाणबुडी

फक्त शून्य बाइटच्या शोधू नका. काही रेकॉर्डर फाइल उघडताना हेडर लिहून टाकतात, त्यामुळे रिकामी फाइलही काही किलोबाइटची दिसते. फ्रेम मोजा.

सोल्डरगन

आणि रात्रीच्या वेगळ्या काढा. दिवसाच्या कमी सापडतील.